बायांचा रोज, गड्यांचा रोज



थंडी पडायला लागली की आपल्या महाबळेश्वर-पाचगणीच्या डोंगरावर पहाटे अंधारातच जीपचे हॉर्न ऐकू येतात. वाईकडच्या, जावळीकडच्या बाया दाटीवाटीने बसून वर येतात. आपल्या गावातल्याही डोक्याला स्कार्फ गुंडाळून, डबा घेऊन निघतात. स्ट्रॉबेरीचा तोडा सुरू झालेला असतो आणि तो उन्हाळा सरेपर्यंत चालतो. आज आम्ही या बायांच्या रोजाबद्दल बोलणार आहोत. या गोष्टीत चुकलेला मालक दुसरा कोणी नाही, आम्हीच आहोत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला सोपं जाईल.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या दहा जणींनी एक एकर रान खंडाने घेतलं. गटाची बचत होती, बँकेचं कर्ज मिळालं. पाऊस ओसरल्यावर बेड पाडले, मल्चिंग पेपर अंथरला, ठिबक टाकलं, वीस-बावीस हजार रोपं लावली. आतापर्यंत आम्ही दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जाणाऱ्या बाया. पहिल्यांदा आम्ही मजूर सांगायला निघालो. पाच बाया आणि दोन गडी ठरवले. रोज किती द्यायचा, यावर पाच मिनिटंसुद्धा चर्चा झाली नाही. गावात जो भाव चालू होता तोच आम्ही धरला. गड्याला ५०० आणि बाईला ३००.

डिसेंबर असाच गेला. आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी आम्ही पगार वाटायला बसायचो. एका आठवड्यात पैसे हातात घेतल्यावर त्या पाच जणींतली वयाने मोठी बाई उठलीच नाही. म्हणाली, "ताई, एक विचारू का? मालक गडी असला तर आम्ही विचारत नाही. पण तुम्हीही बायाच. मग आमचा रोज तुम्हाला दोनशेनं कमी कसा वाटला?"

आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आलं नाही. "बैठकीत घेतो विषय," एवढंच आम्ही म्हणालो. दोनशे रुपये म्हणजे काय, ते त्या रात्री पहिल्यांदा हिशेब करून पाहिलं. हंगामात शंभर दिवस भरले तर एका बाईचे २०,००० रुपये. पाच जणींचे मिळून एक लाख. आमच्या गटाचा वर्षाचा नफा किती होणार, हे आम्ही लागणीच्या आधीच मांडून ठेवलं होतं. त्या नफ्यात हा एक लाख धरलेला होता, हे मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

बैठक झाली ती चांगलीच तापली. एक जण म्हणाली, गावाचा भाव आहे, आपण मोडला तर बाकीचे शेतकरी आपल्याशी बोलणार नाहीत. दुसरी म्हणाली, गड्याचं काम जड, बाईचं हलकं. तिसरी म्हणाली, परवडत नाही. आणि चौथी म्हणाली, त्या बायांनी ३०० ला हो म्हटलं होतं, आता का बोलतात? मैत्रिणींनो, ही चारही वाक्यं आम्ही आयुष्यभर ऐकत आलो होतो. पण आजवर ती आम्हाला सुनावली जायची, त्या दिवशी ती आमच्याच तोंडून निघाली.

यातलं "हलकं काम" आधी घेऊ, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

सरकारने यावर कायदा केलेला आहे. स्त्री आणि पुरुषाला समान कामाला समान वेतन असावं हे आपल्या राज्यघटनेच्या ३९ व्या कलमात आहे. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला, आणि २०१९ च्या वेतन संहितेत त्यातली ही गोष्ट घेतलेली आहे. पण आमच्या कामाला आली ती त्या संहितेतली एक व्याख्या. सारखं काम म्हणजे काय? तर ज्या कामाला लागणारं कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी सारखी आहे, ते काम. थोडाफार फरक असला, पण प्रत्यक्षात त्याला महत्त्व नसलं, तरी ते काम सारखंच धरायचं. म्हणजे दोघांच्या कामाचं नाव एक असण्याची गरज नाही. या चार गोष्टी तपासायच्या.

आम्ही ठरवलं की भांडण बाजूला ठेवून या चार शब्दांनी एक दिवस मोजायचा. आमच्यातल्या दोघी एका तोड्याच्या दिवशी वही घेऊन बांधावर बसल्या आणि कोण कधी काय करतं ते लिहीत गेल्या.

कौशल्य बघा. स्ट्रॉबेरी तोडताना फळ मुठीत धरायचं नाही. देठ नखाने खुडायचा आणि थोडा देठ फळाला राहू द्यायचा. मुंबईला जाणारं फळ अजून थोडं पांढुरकं असतानाच तोडायचं. इथे रस्त्यावर पर्यटकांना विकायचं ते पूर्ण लाल. त्याहून पिकलेलं असेल ते पल्पला वेगळं. हे सगळं एका नजरेत ठरवायचं, तेही कमरेत वाकून, थंडीने बोटं बधिर झालेली असताना. मग सावलीत बसून आकाराप्रमाणे निवडायचं आणि पनेट भरायचं, वरच्या फळाचं तोंड एका बाजूला. नवीन बाईला हे जमायला पंधरा दिवस लागतात आणि तेवढ्या दिवसांत ती बराच माल खराब करते. याला आम्ही हलकं काम म्हणत होतो, कारण ते करताना घाम दिसत नाही.

मेहनत बघा. गड्यांनी फवारणीचा पंप पाठीवर घेतला, ठिबकच्या नळ्या ओढल्या, भरलेले क्रेट टेम्पोत चढवले. हे जड आहेच, आणि फवारणीत तर औषध अंगावर येण्याचा धोकाही आहे. पण वहीत बघितलं तर हे सगळं मिळून दीड-दोन तास. बाकीचा वेळ गडीही तोडाच करत होते आणि, भाऊ लोकांनी रागावू नये, बायांपेक्षा हळू करत होते. त्या दीड-दोन तासांचा आधार घेऊन पूर्ण दिवसाला दोनशे रुपयांचा फरक पडत होता.

अनुभवाचं तर विचारूच नका. ज्या बाईने प्रश्न विचारला तिला या कामाची वीस वर्षं झाली होती. एक गडी त्याच वर्षी पहिल्यांदा स्ट्रॉबेरीत उतरला होता. त्याला पहिल्या दिवसापासून ५००.

आणि जबाबदारी. एक डागाळलेलं फळ पनेटात गेलं तर वाशीच्या बाजारात ते विकलं जाईपर्यंत शेजारच्या फळांनाही बुरशी लागते. व्यापारी एक पनेट उघडतो आणि सगळ्या मालाचा भाव पाडतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आपल्या मातीतल्या मालाला आपल्याच नावाची मोहर मिळाली. ते नाव शेवटी कोणाच्या बोटांवर टिकतं, तर निवडायला बसलेल्या बाईच्या.

कौशल्याची ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. इंग्लंडात डॅगनहॅमला फोर्डचा मोटारीचा कारखाना होता. तिथे १८७ बाया सीटची कव्हरं शिवायच्या. कामावर घेताना त्यांची शिलाईची परीक्षा घ्यायचे, आणि घेतल्यावर मात्र त्यांचं काम कमी कौशल्याच्या गटात टाकायचे. १९६८ च्या जूनमध्ये त्यांनी संप केला. कव्हरं नाहीत म्हटल्यावर मोटारीच बाहेर पडेनात. तीन आठवड्यांनी त्यांचा पगार पुरुषांच्या ९२ टक्क्यांवर आला आणि त्यातून १९७० चा तिथला समान वेतन कायदा झाला. पण आमचं काम कुशल आहे, हे मान्य व्हायला त्यांना १९८४ साल उजाडलं आणि पुन्हा एक संप करावा लागला. पैसे वाढवून घेणं त्यांना जमलं, पण कामाचं नाव बदलायला त्यापुढे सोळा वर्षं लागली. आम्ही हे बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा ब्लाउज शिवणाऱ्या आमच्या दोघी जणी सगळ्यांत जास्त चिडल्या.

आता "परवडत नाही" आणि "त्यांनी हो म्हटलं होतं" ही दोन वाक्यं. यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकालच आहे, आणि तो मुंबईच्या एका बाईमुळे आला. ऑड्री डिकोस्टा या मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत स्टेनोग्राफर होत्या. तेच काम करणाऱ्या पुरुष स्टेनोग्राफरला जास्त पगार होता. नोकरी गेल्यावर त्यांनी तो फरक मागितला. कंपनीने म्हटलं, हे पगार कामगार संघटनेशी करार करून ठरलेले आहेत, आणि आमची परिस्थितीही बेताची आहे. १९८७ साली न्यायालयाने दोन्ही सबबी नाकारल्या. करार असला तरी कायद्यापुढे तो चालत नाही. आणि मालकाची ऐपत किती आहे, यावर हा कायदा अवलंबून नाही.

हे वाचून आमच्या गटात शांतता पसरली. मग एकीने तोडगा काढला, "मग गड्यांचाच रोज चारशे करू आणि बायांचाही चारशे. झालं सारखं." ऐकायला छान वाटतं, पण कायदा तेही करू देत नाही. सारखं करायचं म्हणून कोणाचं वेतन कमी करता येत नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तो नियम आम्हाला शहाणपणाचा वाटला. नाहीतर गड्यांनी बायांवर दात धरला असता आणि आम्ही मालकिणी नामानिराळ्या राहिलो असतो.

आणि गावाच्या भावाचं म्हणाल, तर आपल्याच भागात वेगळा भाव चालून दाखवलेला आहे. वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातले, विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम हा प्रयोग केला. त्यातून १९७२ च्या दुष्काळात राज्यभर रोजगार हमी सुरू झाली, १९७७ ला तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. आपल्या सासवा, आज्या त्या कामांवर गेलेल्या आहेत. तिथे मजुरी कामाच्या मापावर होती. खड्डा किती लांब, किती खोल, खडी किती ब्रास. पट्टी टाकून मोजायचं आणि त्या दराने पैसे द्यायचे. बाईचा दर वेगळा आणि गड्याचा वेगळा असं नव्हतं. आमच्या गटातल्या एका काकी त्या कामावर होत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही पाचही जणी दुसऱ्या टोळीपेक्षा जास्त खडी फोडायचो आणि तेवढेच पैसे घ्यायचो. तेव्हा कोणी आम्हाला हलकं म्हणालं नाही." आणि आपली जुनी सावड आठवा. तुझा एक दिवस माझ्या रानात, माझा एक दिवस तुझ्या रानात. त्या दिवसाला कोणी पाऊण दिवस म्हणत नव्हतं.

एवढं झाल्यावर आम्ही काय केलं? खरं सांगतो, एका झटक्यात केलं नाही. जानेवारीत बायांचा रोज ४०० केला आणि फेब्रुवारीपासून ५००. कायद्यात अशा पायऱ्या नाहीत, त्या आम्ही आमच्या सोयीने घेतल्या. फवारणीचं मात्र वेगळं ठरवलं. जी कोणी व्यक्ती फवारणी करेल, तिला त्या फेरीचे रोजाशिवाय वेगळे पैसे, आणि हातमोजे, तोंडाला मास्क आम्ही द्यायचे. हे काम बाईलाही खुलं आहे. आतापर्यंत एकीनेच मागितलं.

त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये माल जास्त आला आणि भाव पडला. हंगामाच्या शेवटी हिशेब झाला तेव्हा आमच्या दहा जणींच्या प्रत्येकीच्या वाट्याला अंदाजापेक्षा सात हजारांच्या आसपास कमी आले. त्यातल्या एकीने त्या सात हजारांवर मुलाच्या आयटीआयची फी धरली होती. ती गटातून बाहेर पडली. तिच्याबरोबर तिची जाऊही गेली. आम्ही दोन वेळा घरी जाऊन आलो, चहा मिळाला, पण ती परत आली नाही. तिला चूक म्हणायला आमची जीभ रेटत नाही. खालच्या बांधावरचे शेतकरी तर तोंडावर म्हणाले, "तुम्ही बायांनी मजुरीचा भाव बिघडवला." पुढच्या हंगामात त्यांनाही बायांचा रोज ४०० करावा लागला, तेव्हा आमच्याकडे बघून दोन महिने हात केला नाही. आमच्याकडे त्या पाचही जणी परत आल्या. नवीन बायांना शिकवण्याचे पंधरा दिवस आणि तेवढा माल वाचला.

मैत्रिणींनो, याची दुसरी बाजू सांगितली नाही तर हे बोलणं अर्धवट राहील. फेब्रुवारीत रोज ५०० झाला आणि त्याच महिन्यात एका शनिवारी पाचपैकी तीन जणी न सांगता आल्या नाहीत. गावात कोणाची हळद होती. टेम्पो उभा, फळ झाडावर, आणि आम्ही ज्या दोन-चार जणी मोकळ्या होतो त्या पदर खोचून रानात. तरी निम्मा माल दुसऱ्या दिवशी पिकून पल्पला गेला. पल्पचा भाव काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. आम्हाला राग आला. एक जण म्हणाली, "बघा, सारखा रोज दिला म्हणजे असं होतं." पण असाच खाडा गड्यांनी डिसेंबरमध्ये यात्रेला केला होता, तेव्हा त्यांच्या रोजाबद्दल कोणी काही म्हणालं नव्हतं.

मग आम्ही सातही मजुरांना बसवलं आणि दोन्ही बाजूंनी बोललो. खाडा करायचा तर आदल्या संध्याकाळी आठपर्यंत फोन. जमलं तर बदली बाई पाठवायची. अचानक आजारी पडलं, पोराला ताप आला, पाळी आली आणि उभं राहवत नाही, तर पहाटे फोन केला तरी चालेल, त्याचं कारण विचारायचं नाही. आणि आमच्या बाजूने, तोडा नसेल किंवा व्यापाऱ्याने माल थांबवला असेल तर आम्हीही आदल्या संध्याकाळी आठपर्यंत सांगायचं. जीप भरून बाया वर आल्या आणि "आज काम नाही" म्हटलं, तर अर्धा रोज द्यायचा. ही शेवटची अट त्या बायांनीच घातली. त्याआधी दोन वेळा आम्ही त्यांना तसंच परत पाठवलं होतं, आणि आम्हाला ते आठवतही नव्हतं.

या सगळ्याला आधार एका वहीचा आहे, तेवढं मात्र तुम्ही सगळ्या जणी करा. तुम्ही मजुरीला जात असाल तरी आणि मजूर सांगत असाल तरी. तारीख, आले किती वाजता, गेले किती वाजता, काय काम केलं, उचल किती घेतली, मिळाले किती. समोर सही किंवा अंगठा. मालक वही ठेवत नसेल तर आपली आपण ठेवायची, मुलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर चालते. भांडण झालं तर तोंडी शब्दाला किंमत राहत नाही. वेतन संहितेप्रमाणे रोजावर काम असेल तर दिवस संपल्यावर पैसे मिळायला हवेत, आठवड्यावर असेल तर आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी. "माल विकला की देतो" हे त्यात बसत नाही. सरकारने शेतीकामाला किमान वेतन ठरवलेलं असतं, ते बाई-गडी दोघांना एकच असतं आणि ते वेळोवेळी बदलतं. चालू दर काय आहे हे साताऱ्याच्या कामगार कार्यालयात विचारता येतं. एकटीने जायला संकोच वाटत असेल तर गटाच्या नावाने पत्र लिहा, ग्रामसंघाचा ठराव जोडा. हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या, चादरी धुणाऱ्या मैत्रिणींनाही हेच लागू आहे. वेटरचा पगार आणि तुमचा पगार त्या चार शब्दांपुढे ठेवून बघा.

आमचं सगळं सुटलं आहे असं समजू नका. ज्या बाईने पहिला प्रश्न विचारला होता तिनेच या हंगामात दुसरा विचारला आहे. ती वाईच्या बाजूने येते. पहाटे साडेचारला घर सोडते आणि येण्या-जाण्याचं जीपभाडं तिच्या पदरचं जातं. दोन्ही गडी गावातलेच, त्यांना एक रुपया खर्च नाही. "रोज सारखा झाला ताई, पण घरी नेते ते सारखं नाही," असं तिचं म्हणणं. आमच्यातल्या काही जणी म्हणतात, भाडं देऊ, निदान निम्मं. काही म्हणतात, लांबून येणं हा त्यांचा प्रश्न, मग गावातल्याच बाया घेऊ. पण गावातल्या बाया घेतल्या तर वीस वर्षांचा हात जाईल, हेही सगळ्यांना कळतं. येत्या गुरुवारी संध्याकाळी बैठक आहे, आणि या वेळी आम्ही त्या पाचही जणींना बैठकीला बोलावलं आहे. त्यांना परत जायला उशीर होईल, म्हणून त्या दिवसाची जीप गटाच्या खर्चाने ठरवली आहे.